वांगी शालीचा पंचनामा

१

मधल्या फळीवर नुसत्या टाचण्या उरल्या होत्या. काल संध्याकाळी त्यांनी जी शाल धरून ठेवली होती, ती आता फळीच्या पायथ्याशी पडली होती. शाल म्हणण्यासारखं तिच्यात काही राहिलं नव्हतं म्हणा. वांगी रंगाच्या लोकरीचा एक ढीग, आणि त्यातून वर आलेली कुरळी टोकं.

क्रोशाच्या विणीचं हेच वाईट. सतरंजी फाडायची तर अंगात जोर लागतो, भांडं फोडलं तर आवाज होतो. पण क्रोशाचं शेवटचं टोक एकदा हाती लागलं की वर्षभराची मेहनत बसल्या बसल्या, गुपचूप उसवता येते. विणकाम मंडळाच्या खोलीत जमलेल्यांना हे ठाऊक होतं, म्हणून 'कसं झालं' असं कुणी विचारत नव्हतं. 'कुणी केलं' हा प्रश्न मात्र प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

भाची आली ती थेट कामावरून. ती लिफ्ट दुरुस्त करायची. मंडळाचा फोन आला तेव्हा ती लिफ्टच्या टपावर उकिडवी बसून तारा तपासत होती. तशीच, हाताला ग्रीस माखलेली, धावत आली आणि दारातच थबकली. कारण शाल तिच्या आत्याची होती.

"दार नुसतं लोटलेलं होतं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "सकाळी सगळ्यांच्या आधी मी आले, तर कुलूप कडीला उघडं लटकतंय! काल शेवटी खोलीत कोण होतं?"

सगळ्यांच्या माना भाचीकडे वळल्या.

"मीच होते," ती म्हणाली. "शाल लावली आणि या मास्तरांच्या किल्लीनं कुलूप लावून गेले. ओढून बघितलं होतं."

"मग काय, भूत आलं?" अध्यक्षीणबाईंनी सुस्कारा टाकला. "होतं असं, बाळ. घाईत राहून जातं. पण बिचाऱ्या तुझ्या आत्याचं काय झालं बघ."

त्या 'बाळ'मध्ये जेवढी माया होती तेवढाच ठपका होता. भाची कालची संध्याकाळ आठवू लागली. लिफ्टचं दार ती दोनदा तपासायची, डोळ्यांवर झोप असली तर तीनदा. पण काल? काल ती खुशीत होती, शीळ घालत जिना उतरली होती. खरंच ओढून बघितलं होतं का?

आत्यानं तिला लहानाची मोठी केली होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर आत्याचा उजवा हात लाकडासारखा झाला, तेव्हा डॉक्टरांनी तिला दाबायला रबरी चेंडू दिला. आत्यानं तो दोन दिवस दाबला आणि खिडकीतून भिरकावून दिला. "चेंडू दाबून चेंडूच राहतो," असं म्हणून तिनं क्रोशाची सुई उचलली. त्या हातानं विणलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे ही शाल. आज दुपारी संग्रहालयाच्या बाई प्रदर्शन बघायला येणार होत्या, आणि मधल्या फळीवरची वस्तू संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात कायमची जाणार होती. आत्याला आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं, हे भाचीला कळेना.

"जरा बाजूला व्हा बरं," मागून आवाज आला. "ढिगावर पाय देऊ नका."

दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या.

२

डॉक्टरीणबाईंनी दवाखाना मुलीच्या ताब्यात दिला होता, पण गावातल्या बहुतेकांनी कधी ना कधी त्यांच्यापुढे आ वासलेला होता. त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलताना लोकांची जीभ अडखळायची. क्रोशा त्या हौसेनं करायच्या, फार बरा नाही. त्यांनी विणलेल्या पर्सच्या एका बाजूला कायम पोक यायचं. पण बारीक बघायची सवय हाडात मुरलेली होती.

त्या ढिगापाशी बसल्या, दात बघायचा भिंगाचा चष्मा नाकावर चढवला आणि लोकर बोटांतून सोडू लागल्या. तुकडे निघत होते. काही हातभर, काही वीतभर.

"उसवता उसवता कंटाळा आला असेल मेल्याला," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "मग कात्री चालवली."

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी एक टोक बराच वेळ न्याहाळलं. ते टोकाशी पातळ होत होत संपलं होतं. मग त्यांनी मूठभर लोकर भाचीच्या नाकासमोर धरली. "कसला वास येतोय?"

भाचीला सटकन शिंक आली. "ट्रंकेचा. डांबराच्या गोळ्यांचा."

"नाक चांगलं आहे तुझं," एवढंच बोलून त्यांनी ती लोकर रुमालात गुंडाळली, मास्तरांना गॅलरीत बोलावलं आणि भाचीलाही सोबत नेलं.

मास्तर म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा टेबलक्लॉथ दुसऱ्या फळीवर होता, आणि मधली जागा रिकामी झाली तर तोच पुढे सरकणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"माझ्यावर संशय आहे ना तुमचा?" ते आधीच लालबुंद झाले होते. "अहो, मला जिंकायचं होतं, नाही कशाला म्हणू? पण उसवायचं माझ्यानं होत नाही. त्या टेबलक्लॉथमध्ये तिसऱ्याच ओळीत खांबाचा एक टाका चुकलाय. दिसला होता मला. तरी दामटत पुढे गेलो. स्वतःचं उसवत नाही तो दुसऱ्याचं काय उसवणार!"

"तो नमुना तुमच्याकडे पण आहे ना? वांगी शालीचा?"

"आहे की. एकेकाळी घरोघरी होता. पण त्यात जी लोकर सांगितलीय ना, जाड, एकाच धाग्याची, ती काढणारी गिरणी बंद पडून जमाना झाला. मी नाद सोडला. तुमच्या या आत्याबाईंना कुठून मिळाली देव जाणे. इकडे कुणाकडे असलीच तर त्यांच्याकडे." मास्तरांनी खोलीतल्या भिंतीकडे बोट दाखवलं.

तिथे मंडळाच्या संस्थापकबाईंचा फोटो होता. खुर्चीत ताठ बसलेल्या, आणि खांद्यावर तीच शाल, तोच नमुना. अध्यक्षीणबाईंच्या त्या सासूबाई. मंडळ सासूबाईंनी काढलं, अध्यक्षपद सुनेकडे आलं. सुनेच्या हातात क्रोशाची सुई कुणी पाहिली नव्हती. भाषण मात्र त्या टाका न चुकता करायच्या.

खाली जिन्याच्या तोंडाशी लोकरवाल्याचं दुकान. मंडळाची एक किल्ली त्याच्या गल्ल्यात असायची. भाचीला घेऊन डॉक्टरीणबाई खाली उतरल्या आणि त्यालाही त्यांनी सोडलं नाही.

"माझी किल्ली जागची हलली नाही," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, आत्याबाईंवर रुसलो होतो मी. माझ्याकडे आल्या, मी म्हटलं ती लोकर आता मिळायची नाही, नाद सोडा. तर परत फिरकल्याच नाहीत! कुणाकडून तरी जुना साठा मिळवला असणार. पण म्हणून रुसलेला माणूस शाल उसवतो होय?"

"सकाळी काय पाहिलंत?"

"काय पाहणार? शटर उघडत होतो. अध्यक्षीणबाई दोनदा चढल्या. पहिल्यांदा गेल्या आणि लगेच पिशवी घेऊन उतरल्या, म्हणाल्या, फुलदाणी गाडीत राहिली. दुसऱ्यांदा गेल्या, आणि मग ती बोंब."

वरून टाळ्यांचा आवाज आला. दोघी धावत वर गेल्या. खोलीच्या मध्यभागी अध्यक्षीणबाई उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी आणि हात उंच.

"मधली जागा रिकामी राहणार नाही!" त्या सांगत होत्या. "सासूबाईंची शाल माझ्याकडे आहे. हाच नमुना, हाच रंग. इतकी वर्षं जिवापाड जपली, अगदी जशीच्या तशी. ती आज इथे लागेल!"

३

सगळे अध्यक्षीणबाईंचं कौतुक करण्यात गढले होते. भाची जिन्यात जाऊन बसली. डॉक्टरीणबाई गुडघ्यांची कुरकुर ऐकत तिच्या शेजारी टेकल्या.

"रडून घे आधी. मग मला सांग, तुझ्या आत्यानं ही लोकर आणली कुठून?"

भाचीनं नाक पुसलं. "तीच तर गंमत. कुणाला सांगू नकोस म्हणाली होती. प्रदर्शनाच्या पत्रकात लिहिलं होतं ना, मूळ नमुन्याबरहुकूम. तिला वाटलं, बदली लोकर वापरली हे कळलं तर शाल बाद करतील."

"म्हणजे जुना साठा नव्हता?"

"कसला साठा! किती दुकानं पालथी घातली आम्ही. एक लोकर मिळाली, कागदी पट्टीवर जाडी अगदी नमुन्यातलीच. आत्यानं तिचा आधी तळहाताएवढा चौकोन विणला, तर पुठ्ठा! शाल अशी उभी राहिली असती कोपऱ्यात. दुसरी आणली, ती विणताना छान, पण चौकोन धुऊन टांगला तर लोंबायला लागला. आत्या म्हणाली, ही शाल खांद्यावर घेतली की संध्याकाळपर्यंत गुडघ्याला लागेल." भाचीला रडता रडता हसू आलं. "घरात ते चौकोन अजून कपाखाली ठेवतो आम्ही. मला त्यातलं काही कळत नाही हो. मी नुसती हमाल. शेवटी कामाला बाहेरगावी गेले होते, तिथून आत्यानं सांगितली तशी लोकर आणली, बारीक."

"बारीक? नमुन्यात तर जाड आहे."

"हो ना. एक जांभळी, एक मरून. मला वाटलं दोन शाली करणार. पण पलंगाशेजारी तिनं दोन डबे ठेवले, एकेका डब्यात एकेक गुंडा. विणायला बसली की दोन्ही गुंडे एकदमच नाचायचे. आणि शाल झाली ती वांगी! लांबून वांगी. जवळ गेलं की रंग हलल्यासारखा वाटायचा."

डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "एकदमच नाचायचे? दोन्ही?"

"दोन्ही."

डॉक्टरीणबाईंनी रुमाल सोडला, त्यातला एक तुकडा उचलून भाचीच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या बोटांत दिला. "तू तारा तपासतेस ना रोज? मग तपास. किती धागे आहेत?"

भाचीनं तो उजेडात धरला. पीळ उलटा फिरवून पाहिला. जाड, गुबगुबीत, एका रंगाचा.

"एकच," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढला. "एकच आहे! यात जांभळा नाही, मरून नाही. हा एकच जाड धागा आहे!"

"हळू बोल."

"म्हणजे हा ढीग..."

"हा ढीग दुसऱ्याच कुणाचा तरी आहे, पोरी. तुझ्या आत्याची शाल जिवंत आहे."

४

भाचीनं जिन्यातच एक उडी मारली. मग बाह्या सरसावून ती वर निघाली, तर डॉक्टरीणबाईंनी तिला शर्टाला धरून मागे खेचलं.

"आत्ता गेलीस तर चोर म्हणेल, मला काय ठाऊक. दात पुरता हलल्याशिवाय चिमटा लावायचा नसतो. तू आधी घरी जा आणि आत्याला घेऊन ये."

"आत्या जिना चढत नाही. झटका आल्यापासून ती इथे आलेलीच नाही."

"हे सगळ्यांना माहीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर हे धाडस झालं."

भाची घरी पोचली. शाल उसवलेली दिसली, पण तो ढीग तुझ्या लोकरीचा नाही, दार उघडं होतं, लोक मला बोल लावतायत, हे सगळं तिनं आत्याला एका दमात सांगितलं. आत्या खिडकीशी बसून ऐकत होती. तिनं एकच विचारलं.

"कुलूप ओढून बघितलं होतंस?"

"बघितलं होतं गं. पण आता मलाच..."

"मग लावलेलंच होतं," आत्या म्हणाली. "माझी चप्पल दे."

मंडळाच्या जिन्याखाली मास्तर आणि लोकरवाला वाट बघत होते. डॉक्टरीणबाईंनी दोघांना एवढंच सांगितलं होतं की तुमच्यावरचा संशय फिटायचा असेल तर खुर्ची उचला. लोकरवाल्यानं दुकानातली हाताची खुर्ची आणली, आत्या तीत बसली आणि वरात निघाली. भाची मागून, ते दोघे पुढून.

"मास्तर, डावीकडे कलताय तुम्ही!" लोकरवाला धापा टाकत म्हणाला.

"डावीकडे नाही, ती पश्चिम आहे," मास्तर म्हणाले.

"पश्चिमेला सांडलात मला, तर तुमच्या टेबलक्लॉथमधला चुकलेला खांब सगळ्यांना दाखवीन," आत्या वरून म्हणाली. मास्तर तडक सरळ झाले.

ते दारात पोचले, तेव्हा मधल्या फळीवर शाल लागलेली होती. वांगी, भरदार, जिथल्या तिथे. संग्रहालयाच्या बाई हात मागे बांधून तिच्याकडे बघत होत्या आणि शेजारी अध्यक्षीणबाई सासूबाईंच्या आठवणी सांगत होत्या. दारातली खुर्ची दिसली आणि त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या.

५

"या, या," अध्यक्षीणबाईंनी स्वतःला सावरलं. "तुमचं फार वाईट झालं हो. पण बघा, सासूबाईंनी लाज राखली."

"सुंदर आहे," डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. "सासूबाईंनी नमुन्यातलीच लोकर वापरली होती ना?"

"अर्थात! गिरणी सुरू होती तेव्हा. जाड, एकाच धाग्याची. सासूबाई नमुन्यात काडीचा फरक करत नसत. हवं तर फोटो बघा."

"खात्री आहे?"

"म्हणजे काय! शब्द आहे माझा."

"झालं तर मग." डॉक्टरीणबाईंनी रुमाल टेबलावर उलगडला. "सकाळी ज्याला आपण शालीचा मुडदा समजलो, त्याचा हा पंचनामा. एक, या लोकरीला ट्रंकेचा वास आहे. आत्यांची शाल परवा सुईवरून उतरली, ती डांबराच्या गोळ्यांत कधी झोपली? दोन, हे तुकडे. कात्रीनं कापलं की टोक सपाट होतं. ही टोकं झिजत झिजत संपलीत. कापलेलं काय आणि पोखरलेलं काय, हे बघण्यात माझा जन्म गेला. याला कसर लागली होती. ही लोकर फार जुनी आहे, आणि धागा एकच आहे. नमुन्यात सांगितली तीच लोकर. अध्यक्षीणबाईंनी आत्ता सांगितली तीच."

खोलीत चुळबुळ झाली. अध्यक्षीणबाईंनी टेबलाची कड धरली.

"मग आत्यांच्या शालीची लोकर कुठली?" संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं.

आता आत्याची पाळी होती. तिनं खुर्ची फळीपाशी न्यायला लावली. शालीकडे तिनं धड पाहिलंही नाही. उजवा हात सावकाश उचलला, आणि बोटं शालीच्या डाव्या काठाखाली गेली. तिथे चाचपडून तिनं एक लपवलेलं टोक सोडवून बाहेर काढलं. एक नव्हतं, दोन होती. एक जांभळं आणि एक मरून.

"मूळ लोकर मला मिळाली नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "लपवलं होतं मी. दोन बारीक धागे जोडीनं विणले, तेव्हा कुठे शालीचं अंग जमलं. आणि इथे, या फुलाच्या तिसऱ्या पाकळीत, सुईनं मरून धागा सोडून दिलाय. हात तेव्हा नीट वळत नव्हता. चार वेळा उसवलं, पाचव्यांदा म्हटलं, राहू दे."

संग्रहालयाच्या बाई वाकल्या. तिसऱ्या पाकळीत एका टाक्याबाहेर मरून धाग्याचा चिमुकला फास लोंबत होता.

मग कुणालाच काही विचारावं लागलं नाही. अध्यक्षीणबाई खाली बसल्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ट्रंक उघडली तर चाळण झाली होती तिची," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी जाताना ती माझ्या हातात दिली होती. एवढी एकच गोष्ट सांभाळायला दिली, आणि ती जशीच्या तशी आहे असा मी संग्रहालयाला शब्द देऊन बसले. नमुना तोच, रंग तोच. मला वाटलं, लोकरही तीच असणार. तुम्ही काही जिना चढून येणार नाही असं धरून चालले. घरी सासूबाईंची उसवली, सकाळी लवकर येऊन इथे टाकली आणि तुमची पिशवीत घातली."

"आणि कुलूप?" भाचीनं विचारलं. तिला दुसरं काही नको होतं.

अध्यक्षीणबाईंनी मान वर केली नाही. "लावलेलं होतं. मी माझ्या किल्लीनं उघडलं. खोटं बोलले मी. माफ कर."

भाचीच्या छातीवरचा दगड उतरला. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "मला काय बघतेस? मी घरीच सांगितलं होतं."

आणि मग एकदम गलका झाला. मास्तरांनी पहिली टाळी वाजवली, लोकरवाल्यानं शीळ घातली. संग्रहालयाच्या बाईंना पत्रकातली ती 'बरहुकूम'ची ओळ कुणीतरी दाखवली, तर त्या म्हणाल्या, "कपाट माझं आहे, पत्रक नाही. काचेवरच्या पाटीत काय लिहू, सांगा."

"लिहा," आत्या म्हणाली. "मूळ लोकर मिळाली नाही. दोन धाग्यांवर भागवलं. उजव्या हातानं विणली."

निघताना तिनं तो ढीगही मागून घेतला. "कसर लागली तरी बरीच लोकर शाबूत आहे," ती अध्यक्षीणबाईंना म्हणाली. "सोमवारपासून माझ्याकडे या. शाल नाही व्हायची, पण सासूबाईंच्या फोटोला शोभेल असा हातभर तुकडा होईल. विणायचा मात्र तुम्ही. साखळीच्या टाक्यापासून शिकवते." अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसले, पदराआडून मान हलवली आणि स्वतःची किल्ली टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती उचलली आणि सगळ्यांच्या देखत भाचीच्या हातात दिली. "आजपासून ही हिच्याकडे."

संध्याकाळी खोली रिकामी झाली. खुर्चीची वरात आत्याला घेऊन खाली पोचली होती, आणि मास्तर पूर्वपश्चिम सांगत होते. भाचीनं दिवे मालवले, दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं.

"ओढून बघितलंस का गं?" खालून आत्याचा आवाज आला.

भाचीनं कुलूप ओढलं. ते तसूभरही हललं नाही.

"बघितलं, आत्या!" ती ओरडली, आणि शीळ घालत जिना उतरली.